न लिहिलेले कुलमुखत्यारपत्र

मोठ्या संस्थांच्या अंतर्गत संकेतस्थळांविषयी, म्हणजे ज्यांना संगणक-व्यवसायात एंटरप्राइज पोर्टल म्हणतात त्यांच्याविषयी, एक समज इतका रूढ झाला आहे की तो कोणी मांडत बसत नाही, गृहीतच धरतो. समज असा की, पोर्टलच्या पहिल्या पानावर कर्मचाऱ्याला त्याची नवी मेल आणि त्या दिवसाच्या बैठका दिसाव्यात यासाठी जे करावे लागते ते काम कारकुनी स्वरूपाचे आहे. मेल सर्व्हरचे नाव, पोर्टचा क्रमांक आणि एखाद्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड एवढे रकाने भरले की चौकट चालू होते आणि ती चालू झाली की विषय संपतो. या समजापायी ते काम प्रकल्पाच्या शेवटच्या टप्प्यावर ढकलले जाते, बहुधा चमूतील सर्वांत नवख्या माणसाच्या गळ्यात पडते, आणि चाचणीच्या वेळी ‘इनबॉक्स दिसतो का’ यापलीकडे त्याला कोणी काही विचारत नाही. हा समज चुकीचा आहे, आणि चूक तपशिलाची नसून मुळातली आहे. ते रकाने भरताना संस्थेत कोण कोणाच्या नावाने काय करू शकेल, बैठकीची वेळ कोणाच्या घड्याळाने मोजली जाईल आणि कोणती लिपी धडपणे पोहोचेल, हे ठरत असते. असे निर्णय ज्याच्या अधिकारात आहेत त्याने घ्यावेत, रकाना रिकामा दिसला म्हणून घेतले जाऊ नयेत, एवढेच येथील प्रतिपाद्य आहे.

पोर्टलचे पान अनेक छोट्या चौकटींचे बनलेले असते. एका चौकटीत सूचना, दुसरीत रजेचा अर्ज, तिसरीत मेल, चौथीत कॅलेंडर. या चौकटींना जावाच्या जगात पोर्टलेट म्हणतात, आणि २००३ साली आलेल्या जेएसआर १६८ या मानकाने व २००८ च्या जेएसआर २८६ ने त्यांचा सांगाडा निश्चित केला. त्याच काळातील सन मायक्रोसिस्टिम्सच्या पोर्टल सर्व्हरमध्ये त्यांना चॅनेल हे नाव होते. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की मेलची चौकट म्हणजे मेल सर्व्हर नव्हे. मेल दुसऱ्याच यंत्रावर असते. पोर्टल तेथे गिऱ्हाईक म्हणून जाते, दार ठोठावते, पत्रांचे मथळे घेऊन येते आणि पानावर मांडते. कर्मचाऱ्याने लॉगिन केलेले असते ते पोर्टलमध्ये, मेल सर्व्हरमध्ये नाही. मग मेल सर्व्हरने पोर्टलला आत का घ्यावे, आणि घेतले तर कोण म्हणून घ्यावे, हा या सगळ्या जुळणीतला खरा प्रश्न आहे, आणि रकाने भरणाऱ्याच्या समोर तो प्रश्नाच्या रूपात कधीच येत नाही.

त्याची उत्तरे ढोबळमानाने तीन. पहिल्या उत्तरात प्रत्येक कर्मचाऱ्याचा मेलचा पासवर्ड पोर्टल स्वतःजवळ साठवून ठेवते. दुसऱ्यात पोर्टलला एक सर्वाधिकारी खाते दिले जाते आणि त्या खात्याच्या बळावर ते कोणत्याही कर्मचाऱ्याच्या नावाने आत शिरते. याला प्रॉक्सी ऑथेंटिकेशन म्हणतात. तिसऱ्यात पोर्टल आणि मेल सर्व्हर हे दोघेही ज्याच्यावर विश्वास ठेवतात असा तिसरा पक्ष ओळखीचा दाखला देतो. केर्बेरॉसची तिकिटे, आयबीएमच्या सर्व्हरांमधील एलटीपीए टोकन आणि अलीकडचे ओऑथ ही त्याची रूपे. पहिला मार्ग वाईट आहे हे सर्वांना मान्य असते, तिसरा जुळवायला अवघड असतो, म्हणून बहुतेकांची पावले दुसऱ्याकडे वळतात. त्यात मूलतः गैर काही नाही. हजारो पासवर्ड एका जागी साठवण्यापेक्षा एकच पासवर्ड नीट जपणे बरे, हा युक्तिवाद रास्त आहे आणि तो येथे खोडून काढायचा नाही. खोडून काढायचे आहे ते ‘म्हणजे आता काळजी मिटली’ हे त्याला जोडून येणारे अनुमान.

सनच्या पोर्टलमधील रचना या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. तेथे एसएसओ ॲडॅप्टर नावाचा एक घटक होता आणि मेल, कॅलेंडर व पत्त्यांची वही या तिन्ही चॅनेलांची जोडणी त्याच्यामार्फत होई. प्रशासक त्याच्यासाठी एक साचा तयार करी. साचा म्हणजे चिन्हांनी जोडलेली गुणधर्मांची एक लांबलचक ओळ: कोणता प्रोटोकॉल, कोणता सर्व्हर, कोणता पोर्ट, प्रॉक्सी चालू की बंद, प्रॉक्सी ॲडमिनचे नाव, त्याचा पासवर्ड. यातील प्रत्येक गुणधर्म दोनांपैकी एका गटात टाकावा लागे. ‘डिफॉल्ट’ म्हणजे प्रशासकाने ठरवलेले, वापरणाऱ्याला न बदलता येणारे. ‘मर्ज’ म्हणजे वापरणाऱ्याने चौकटीच्या संपादन-पानावर स्वतः भरायचे. याखेरीज पलीकडच्या बाजूलाही परवानगी द्यावी लागे: कॅलेंडर सर्व्हरच्या आयसीएस.कॉन्फ या फाइलमध्ये ॲडमिनला प्रॉक्सी म्हणून येऊ देण्याची एक ओळ ‘येस’ करावी लागे, आणि मेल सर्व्हरवर तशाच अर्थाची आज्ञा चालवावी लागे.

आता प्रत्यक्ष दारावर काय घडते ते पाहावे. मेल सर्व्हरवरची पत्रे तेथेच ठेवून वाचण्याचा जो आयमॅप प्रोटोकॉल आहे, त्यात लॉगिन करण्याच्या पद्धतींपैकी प्लेन नावाची एक पद्धत आहे. १९९९ च्या आरएफसी २५९५ मध्ये ती सांगितली गेली आणि २००६ च्या ४६१६ मध्ये तिचे स्वतंत्र मानक झाले. तिच्यात एकाच संदेशात तीन गोष्टी जातात आणि त्यांच्यामध्ये शून्य मूल्याचा एकेक बाइट असतो. पहिली, ज्याच्या नावाने वागायचे आहे त्याचे नाव. दुसरी, प्रत्यक्ष दारात उभा आहे त्याचे नाव. तिसरी, त्या दुसऱ्याचा पासवर्ड. साधा माणूस स्वतःची मेल उघडतो तेव्हा पहिली जागा बहुधा रिकामीच असते. पोर्टल येते तेव्हा पहिल्या जागी कर्मचाऱ्याचे नाव असते, दुसऱ्या-तिसऱ्या जागी ॲडमिनचे नाव व पासवर्ड, आणि सर्व्हर ॲडमिनचा पासवर्ड तपासून कर्मचाऱ्याची पेटी उघडून देतो. कर्मचाऱ्याचा पासवर्ड या व्यवहारात कोठेच येत नाही. मालमत्तेच्या व्यवहारात याला कुलमुखत्यारपत्र म्हटले गेले असते. ते करून देताना माणूस वकिलाला विचारतो, मुद्रांक लावतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. येथे मात्र संस्थेतील प्रत्येकाच्या वतीने ते करून दिले जाते आणि ज्यांच्या वतीने ते दिले त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

यावर ‘पण पासवर्ड तर डिफॉल्ट गटात आहे, कर्मचाऱ्याला तो दिसत नाही’ असे उत्तर येते. उत्तर बरोबर असले तरी तेवढ्याने भागत नाही. प्रॉक्सी चालू ठेवून सर्व्हरचे नाव मात्र मर्ज गटात राहिले, तर काय होईल याचा विचार करावा. वापरणाऱ्यांना सोय असावी, कोणाचा मेल सर्व्हर वेगळा असेल तर त्याला तो भरता यावा, अशा सद्हेतूने ते तसे राहू शकते. मग एखादा जाणकार कर्मचारी संपादन-पानावर सर्व्हरच्या नावाच्या जागी स्वतःच्या यंत्राचे नाव भरतो. पोर्टल प्रामाणिकपणे त्या यंत्राकडे जाते, दार ठोठावते आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टी त्याच्या हाती ठेवते. ॲडमिनचा पासवर्ड पानावर दिसला नाही, लॉगमध्ये उमटला नाही, कोणी कुलूप फोडले नाही. पोर्टलनेच तो नेऊन दिला. वाहिनी सांकेतिक केली, म्हणजे ९९३ पोर्टवरून टीएलएस वापरले, तरी पलीकडचे टोक त्या कर्मचाऱ्याच्याच हातात असल्यामुळे आणि प्रमाणपत्राची तपासणी नावापुरतीच होत असल्यामुळे फरक पडत नाही. एका गुणधर्माला कोणत्या गटात टाकायचे, एवढ्या एका निवडीवर संस्थेतील सगळ्या टपालपेट्या अवलंबून असतात. हे काम कारकुनी म्हणायचे असेल, तर खजिन्याची किल्ली कोणाकडे ठेवायची हेही कारकुनीच म्हणावे लागेल.

याउलट टोकाचा आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘आतले लोक विश्वासाचेच आहेत, आणि पोर्टल फक्त मेल दाखवते, दुसरे काही करत नाही.’ यातला पूर्वार्ध वादात घेण्याच्या योग्यतेचा नाही. उत्तरार्ध खरा नाही. मेलच्या चौकटीतून उत्तर पाठवता येते, आणि कॅलेंडरच्या चौकटीतून तर नुसत्या एका टिचकीने बांधिलकी निर्माण होते. बैठकीच्या निमंत्रणावर ‘स्वीकार’ हे बटण दाबले की आयकॅलेंडर या १९९८ पासूनच्या मानकाप्रमाणे एक उत्तर तयार होते, त्यात निमंत्रिताच्या नावापुढे ‘ॲक्सेप्टेड’ अशी स्थिती लिहिली जाते आणि ते बहुधा मेलनेच निमंत्रकाकडे जाते. पत्र कोणी पाठवले, पोर्टलने की माणसाने, हा प्रश्न मग तात्त्विक राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ११ सांगते की इलेक्ट्रॉनिक अभिलेख मूळ पाठवणाऱ्याचा मानला जातो, जर तो त्याने स्वतः पाठवला असेल, किंवा त्याच्या वतीने वागण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने पाठवला असेल, किंवा त्याने अगर त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी सिद्ध केलेल्या माहिती-प्रणालीने पाठवला असेल. पोर्टलचे प्रॉक्सी खाते यांपैकी कोठे बसते? कर्मचाऱ्याने त्याला अधिकार दिलेला नाही, प्रणालीही त्याने सिद्ध केलेली नाही. संस्थेने परस्पर दोन्ही गोष्टी केल्या आहेत. न्यायालयात यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि म्हणूनच मेल सर्व्हरच्या नोंदवहीत दोन्ही नावे, दारात उभा असलेल्याचे आणि ज्याच्या नावाने तो आला त्याचे, उमटतात की फक्त दुसरेच, हे जुळणीच्या वेळी पाहणे भाग आहे. फक्त कर्मचाऱ्याचे नाव उमटत असेल, तर नोंदवही पाहणाऱ्या कोणालाही तो स्वतःच आला होता असेच वाटेल.

कॅलेंडरच्या बाबतीत ‘रकाने भरा’ या भूमिकेचा दुबळेपणा वेगळ्या ठिकाणी उघडा पडतो. आयकॅलेंडरमध्ये वेळ तीन प्रकारे लिहिता येते: कोणत्याही कालविभागाचा उल्लेख न करता, जागतिक प्रमाणवेळेत, किंवा कालविभागाचे नाव देऊन. यांतला कोणता प्रकार घ्यायचा हे पोर्टल व कॅलेंडर सर्व्हर यांच्या जुळणीत ठरते, आणि भारतात बसून काम करणाऱ्याला त्यातली खोच चटकन जाणवत नाही, कारण भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते आणि ती वर्षभर तशीच राहते. न्यूयॉर्कमधील घड्याळे मात्र उन्हाळ्यात एक तास पुढे केली जातात, त्यामुळे तेथील कोणी दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता बैठक ठेवली, तर उन्हाळ्यात ती पुण्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येते. बैठकीची पुनरावृत्ती कालविभागाच्या नावाने साठवली असेल तर हा बदल आपोआप होतो. जागतिक वेळेत गोठवून साठवली असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर पुण्याचे लोक साडेसहालाच येऊन बसतात आणि तिकडे आठच वाजलेले असतात. पुण्याच्या हिंजवडीत अशा एका तासाच्या वाट पाहण्याला कोणी बिघाड म्हणत नाही. ‘त्यांची वेळ बदलली’ असे म्हणून चहा घेतला जातो.

अमेरिकेने घड्याळे पुढे-मागे करण्याचे हे वेळापत्रकच बदलले तेव्हा ‘एकदा जुळवले की संपले’ या समजाची परीक्षा झाली. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने उन्हाळी वेळ २००७ पासून एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊ लागली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपू लागली. ११ मार्च ते १ एप्रिल २००७ या तीन आठवड्यांत जुन्या नियमांवर चालणारे प्रत्येक कॅलेंडर एका तासाने चुकत होते. जावावर चालणाऱ्या पोर्टलांची अडचण दुहेरी होती, कारण जावा कालविभागांची माहिती स्वतःजवळ वेगळी बाळगते. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली तरी जावाची प्रत जुनीच राहते, तिच्यासाठी निराळे साधन चालवावे लागते. म्हणजे एकाच यंत्रावर दोन घड्याळे, आणि मेलच्या चौकटीतील वेळ व कॅलेंडरच्या चौकटीतील वेळ कोणत्या घड्याळातून येते हे फक्त जुळणी करणाऱ्याला ठाऊक. कालविभागांचे नियम सरकारे बदलत राहतात. भारतातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे एक तास पुढे होती आणि मुंबईची स्वतःची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होती. ज्या गोष्टीचे नियम बाहेरचा कोणी ठरवतो ती एकदाच करून सोडून देण्याची गोष्ट नव्हे.

लिपीचा मुद्दा थोडक्यात उरकता येण्यासारखा आहे, पण मराठी वाचकासाठी तो वगळता येत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे राज्य शासनाचा पत्रव्यवहार मराठीत चालतो, तेव्हा शासकीय पोर्टलच्या कॅलेंडरात बैठकांची नावे देवनागरीत असणार. आयकॅलेंडरच्या नियमाप्रमाणे एक ओळ ७५ बाइटांपेक्षा मोठी असू नये. मोठी झाली तर ती दुमडून पुढच्या ओळीवर न्यायची. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, देवनागरीत यूटीएफ-८ प्रमाणे प्रत्येक चिन्हाला, मात्रा आणि अनुस्वार धरून, तीन बाइट. ‘वार्षिक अंदाजपत्रक आढावा बैठक’ हा साधा विषय घ्यावा. ओळीच्या आरंभीचा ‘समरी’ हा इंग्रजी शब्द व अपूर्णविराम (:) मिळून ८ बाइट, ‘वार्षिक’ चे २१, ‘अंदाजपत्रक’ चे ३०, मधल्या दोन जागा, असे करत ६१ होतात. ‘आढावा’ चे १५ त्यात मिळवले की ७६. म्हणजे ७५ व्या बाइटाला घडी पडते ती ‘आढावा’ मधल्या शेवटच्या कान्याच्या पोटात: त्याचे दोन बाइट वर आणि एक खाली. मानक अशी घडी चालवून घेते, पण वाचणाऱ्याने आधी घडी उलगडून मगच अक्षरे ओळखावीत असेही बजावते. जे पोर्टलेट आधी एकेक ओळ वाचून अक्षरे ओळखते आणि नंतर ओळी जोडते, ते ‘आढाव’ नंतर दोन चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दाखवते. त्यात भर म्हणजे जावा सर्व्हलेटच्या मानकात, वेगळे सांगितले नाही तर, पानावरून भरलेला मजकूर पश्चिम युरोपीय संकेतात आहे असे समजावे असा नियम आहे. ती एक ओळ जुळणीत बदलायची राहिली की मराठी विषयाची खिचडी होते. चाचणी ‘टेस्ट मीटिंग’ या नावाने घेतलेली असल्यामुळे हे कोणालाही दिसत नाही.

सर्वांत चलाख प्रतिपक्ष मात्र वेगळाच आहे. तो म्हणतो की हे सगळे इतिहासजमा झाले. सन ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली, मेल क्लाउडमध्ये गेली, मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या क्लाउडमधील मेलसाठी नुसते नाव-पासवर्ड देऊन शिरण्याची जुनी पद्धत बंद करायला घेतली, आणि ओऑथ २.० या २०१२ च्या मानकाने पासवर्ड हातोहात फिरवण्याची गरजच संपवली. यातील तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. ओऑथ टोकन देतो. ते टोकन कोणाच्या वतीने आणि किती अधिकारांचे, हे पुन्हा जुळणीच ठरवते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत परवानग्या दोन जातींच्या आहेत. एकीत लॉगिन केलेल्या माणसाला जेवढे करता येते तेवढेच पोर्टलला त्याच्या वतीने करता येते. दुसरीत, म्हणजे ॲप्लिकेशन परवानगीत, माणूस समोर असण्याची गरजच नसते, आणि मेल वाचण्याची किंवा पाठवण्याची तशी परवानगी एकदा मंजूर झाली की, प्रशासकाने मुद्दाम मर्यादा घातली नसेल तर, ती संस्थेतील प्रत्येक टपालपेटीला लागू होते. गूगलच्या व्यवस्थेत याच स्वरूपाची सोय संपूर्ण डोमेनवरील प्रतिनिधित्व या नावाने आहे. प्रॉक्सी ॲडमिन गेला नाही. त्याने पोशाख बदलला, आणि पासवर्डाच्या जागी गुप्त किल्ली आली. दोहोंपैकी दुसरी परवानगी निवडली जाण्याचे कारणही जुनेच: पहिलीत प्रत्येकाची संमती मिळेपर्यंत चौकट रिकामी दिसते, दुसरीत ती पहिल्याच दिवशी भरते.

काटेकोरपणाने कामे खोळंबतात आणि असल्या चौकशा करत बसले तर पोर्टल कधीच सुरू होणार नाही, हा आक्षेप उरतो. पण येथे मागितलेले काही फार नाही. प्रॉक्सीची मुभा देणारा कागद मेलच्या यंत्रणेला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा, पोर्टलच्या कंत्राटदाराच्या नव्हे. ती मुभा फक्त पोर्टलच्या यंत्राच्या पत्त्यावरून वापरता यावी. सर्व्हरचे नाव वापरणाऱ्याच्या हाती नसावे. दोन्ही नावे नोंदवहीत उमटावीत. चाचणीत एक बैठक देवनागरी नावाची आणि एक नोव्हेंबर ओलांडून जाणारी असावी. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. ते होत नाही, कारण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नसते: मेलवाले त्याला पोर्टलचे समजतात, पोर्टलवाले मेलचे. आणि पाच-सात वर्षांनी पोर्टल बंद करण्याची वेळ येते तेव्हा यंत्रे उतरवली जातात, डिस्का पुसल्या जातात, परवाने रद्द होतात. मेल सर्व्हरवरील ते सर्वाधिकारी खाते मात्र तसेच राहते, त्याचा पासवर्ड कोणी बदलत नाही, कारण बदलला तर काय बंद पडेल हे सांगणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि पुढच्या स्थलांतरात इतर खात्यांबरोबर तेही नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे नेले जाते.